कट, कॉपी, काका!

शनिवार, रात्रीचे साडेनऊ. उद्या सकाळी बाबांची साठीशांत. आई किचनमध्ये साठ दिव्यांच्या वाती मोजतेय, दादा केटररशी फोनवर हुज्जत घालतोय आणि अस्मादिक डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून घामाघूम! कारण? माझीच भन्नाट आयडिया. नातेवाइकांकडून बाबांसाठी व्हॉइस नोट्स मागवायच्या, एकमेकींना जोडायच्या आणि औक्षण झालं की स्पीकरवर लावायच्या. सरप्राइज! पंधरा दिवसांपूर्वी फॅमिली ग्रुपवर (अर्थात बाबांना वगळून केलेल्या) मी मोठ्या तोऱ्यात मेसेज टाकला होता, ‘प्रत्येकी फक्त तीस सेकंद हं!’

आपल्या नातेवाइकांना तीस सेकंद सांगणं म्हणजे रिक्षावाल्या काकांना ‘मीटरने चला’ म्हणण्यासारखं. मामाची नोट चार मिनिटं दहा सेकंदांची, त्यातली तीन मिनिटं महापालिकेच्या कारभारावर. आत्याच्या नोटची सुरुवात ‘झालं का गं सुरू? लाल बटण दिसतंय का?’ अशी. मावशी बोलत असताना मागे कुकरच्या चार शिट्ट्या. एकूण दहा नोट्स, वीस मिनिटं. मला हवी होती आठ मिनिटांची फाइल.

आता मी पडले फ्रीलान्सर. माझा लॅपटॉप नेमका त्याच आठवड्यात दुरुस्तीला गेलेला. समोर होता तो दादाचा, म्हणजे त्याच्या ऑफिसचा. तुम्ही ऑफिसवाली मंडळी जाणताच, त्यावर काहीही इन्स्टॉल करायचं तर आयटीवाल्यांचा पासवर्ड लागतो. शनिवारी रात्री आयटीवाला शोधणार कुठे? ‘ब्राउजरमध्ये काय करायचं ते कर,’ दादाने फोनवर हात ठेवून परवानगी दिली. मग काय, ब्राउजर तर ब्राउजर!

टॅब उघडा, कात्री घ्या

मी उघडलं ऑडिओमास. फुकट, ओपन सोर्स, लॉगिनची भानगड नाही. बनवणाऱ्याने साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं हे प्रकरण मुळात अवघं ६५ केबीच्या आसपासचं. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सकाळी येणारा ‘सुप्रभात’चा फोटोही याहून जड असतो! फाइल उचलून आत टाकायची की आवाजाची हिरवी-निळी लाट स्क्रीनवर पसरते. उंच डोंगर म्हणजे मोठा आवाज, सपाट माळ म्हणजे शांतता. माउसने एक पट्टा सिलेक्ट करा, कट करा, कॉपी करा, दुसरीकडे पेस्ट करा. ज्याला वर्डमध्ये परिच्छेद हलवता येतो त्याला हे जमतं. चुकलं तर कंट्रोल झेड आहेच. आवाज वाढवणं, फेड इन, फेड आउट, रिव्हर्ब वगैरे मसालाही हाताशी. शेवटी एमपीथ्री बाहेर काढायची. बस्स.

पूर्वी ब्राउजरमध्ये असलं काही करायचं तर फ्लॅशसारखं प्लगइन लागायचं. ते फ्लॅश अडोबीने २०२० च्या अखेरीस बंदच केलं. त्याच्या कितीतरी आधी, २०११ मध्ये, वेब ऑडिओ नावाच्या सोयीचा पहिला मसुदा आला आणि २०२१ च्या जूनमध्ये ते अधिकृत वेब स्टँडर्ड झालं. सोप्या भाषेत सांगायचं तर आवाज उघडणं, ऐकवणं, त्यावर प्रक्रिया करणं हे काम आता ब्राउजर स्वतःच करतो, तुमच्याच कॉम्प्युटरवर.

‘तुमच्याच कॉम्प्युटरवर’ हे शब्द महत्त्वाचे, बरं का. ‘ऑनलाइन एडिटर’ म्हणणाऱ्या कित्येक साइट्स तुमची फाइल आधी त्यांच्या सर्व्हरवर चढवतात. घरच्यांचे आवाज, ऑफिसची मीटिंग, असलं काही अनोळखी सर्व्हरवर कशाला? ओळखायचा फंडा सिंपल आहे. पान पूर्ण उघडलं की वायफाय बंद करा आणि मग फाइल आत टाका. कापाकापी तशीच चालू राहिली तर आवाज घराबाहेर गेलेला नाही. ऑडिओमास या परीक्षेत फर्स्ट क्लास पास, कारण त्याच्यामागे सर्व्हर असा नाहीच.

याची दुसरी बाजूही ऐका. सगळा भार तुमच्या मशीनच्या मेमरीवर येतो. पाच एमबीची एमपीथ्री आत गेली की उलगडून अवाढव्य होते. स्टिरिओ आवाजाच्या एका मिनिटाला साधारण २१ एमबी लागतात, म्हणजे तासाभराच्या रेकॉर्डिंगला सव्वा जीबीहून जास्त! त्यावर प्रत्येक ‘अनडू’ची आठवण वेगळी. पाच-दहा मिनिटांचं काम झक्कास होतं, पण अख्खी मीटिंग टाकलीत तर टॅब धापा टाकणार.

एक सेकंद म्हणजे साडेसात इंच

मास कॉमला असताना आम्हाला ऑडिओ शिकवणारे सर स्पूल टेपच्या जमान्यातले. इंटरव्ह्यूमधलं वाक्य काढायचं तर टेप हाताने मागेपुढे सरकवायची, पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका काप घ्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. साडेसात इंच प्रति सेकंद वेगाने धावणाऱ्या टेपवर माणसाचा एक सेकंद म्हणजे खरोखर साडेसात इंच! अर्ध्या मिनिटाचं बोलणं कापलं की पायाशी अठरा-एकोणीस फूट टेप पडायची. ‘काय फेकताय ते डोळ्यांना दिसायचं,’ सर म्हणायचे. तेव्हा आम्ही शेवटच्या बाकावर हसायचो. माउसने सिलेक्ट करून डिलीट दाबलं की पायाशी काही पडत नाही, हा त्यातला मुद्दा माझ्या डोक्यात त्या शनिवारी रात्री शिरला. तो कसा, ते येतंच पुढे.

आधी कामाचं. कापायचं कुठे? शब्द संपल्यासंपल्या कापू नका, आवाज तुटल्यासारखा वाटतो. बोलणारा माणूस पुढच्या वाक्याआधी श्वास घेतो. श्वासाच्या अगोदर कापा आणि पुढच्या तुकड्याला त्याचा श्वास राहू द्या. लाट पुरेशी झूम करा. ती वरखाली होताना मधल्या रेषेला छेदते, तिथे काप घेतलात तर जोडावर ‘टक्’ असा आवाज येत नाही. आलाच, तर जोडाच्या दोन्ही बाजूंना अगदी चिमूटभर फेड द्या.

सगळ्यांचे आवाज एकसारखे करायला नॉर्मलाइज वापरतात. पण इथे माझी फजिती झाली. नॉर्मलाइज काय करतं, तर फाइलमधला सगळ्यात मोठा आवाज शोधतं, तो ठरावीक उंचीपर्यंत नेतं आणि बाकी सगळं त्याच प्रमाणात वाढवतं. मावशीच्या फाइलमध्ये सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? कुकरचा! तो आधीच छताला टेकलेला, त्यामुळे मावशी होती तिथेच राहिली. मग आधी शिट्ट्यांचा आवाज खाली आणला आणि नंतर नॉर्मलाइज केलं. तीन शिट्ट्या मावशीच्या वाक्यांच्या मधे होत्या, त्या उडवल्या. एक मुद्दाम ठेवली. मावशीच्या घरी फोन लावला आणि मागे कुकर नाही, असं कधी झालंच नाही.

मामाला फोन करून सांगितलं, ‘मामा, महापालिका काढतेय हं.’ तो म्हणाला, ‘काढ गं, पण रस्त्याचं एक वाक्य ठेव.’ ठेवलं.

१०.५० ची व्हॉइस नोट

अकराला दहा मिनिटं कमी असताना ग्रुपवर अकरावी नोट आली. काकूच्या नंबरवरून. दाबली, तर आवाज काकांचा.

इथे थोडा फ्लॅशबॅक. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, राहतात सांगलीजवळच्या आमच्या गावी. घराच्या वाटणीवरून दोघांत वाजलं त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून अबोला. लग्नकार्यात एकाच मांडवात दोन टोकांना बसतात, पंगतीत एकमेकांच्या ताटाकडेही बघत नाहीत. ग्रुपवर काकू आहे, काका नाहीत. त्यांच्याकडून मी काही मागितलंच नव्हतं. खरं सांगू? हिंमत झाली नव्हती.

नोट एक मिनिट बावन्न सेकंदांची. ‘दादा...’ एवढं म्हणाले आणि थांबले. पंख्याची घरघर. लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. गिळलेला आवंढा ऐकू आला. चौदा सेकंदांनी पुढचं वाक्य आलं, ‘साठ वर्षांचा झालास की रं.’ मग विहिरीची आठवण. बाबांनी त्यांच्या पाठीला भोपळा बांधून त्यांना विहिरीत ढकललं होतं आणि मागोमाग स्वतः उडी मारली होती, ती. वाटणीबद्दल अक्षर नाही. सॉरी वगैरे नाहीच.

मी आईला किचनमध्ये जाऊन ऐकवली. ती वाती तशाच हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, ‘भावजींनी केलं बाई.’

आणि टॅब गेला

बारा वाजून गेले होते. अकराही नोट्स जोडून झालेल्या. केटररने पाठवलेला मेनू, स्पीकरचं मॅन्युअल, गाण्यांची साइट असे पंधरा टॅब उघडे होते. ते धडाधड बंद करताना त्यात एडिटरचाही टॅब बंद केला. अडीच तासांचं काम, गायब! ड्राफ्ट सेव्ह करून ठेवायची सोय होती की. पण मी ती वापरली असती तर हा कॉलम कसा लिहिला असता?

डोळ्यांत पाणी, हातात चहा, काम पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मात्र मला घाई होती. पटापट सगळ्या नोट्स ओबडधोबड जोडल्या, एमपीथ्री काढली आणि ती वेव्हॅसिटीत उघडली. वेव्हॅसिटी म्हणजे आपल्या जुन्या ऑडॅसिटीचा ब्राउजरमधला अवतार. ऑडॅसिटी २००० साली पहिल्यांदा लोकांच्या हाती आलं आणि आजही रेडिओ शिकणारी पोरं त्यावरच हात बसवतात. त्यात ‘ट्रंकेट सायलेन्स’ नावाची जादू आहे. फाइलमधल्या सगळ्या शांत जागा शोधून ती एका झटक्यात आखडते. मी सांगितलं, प्रत्येक पॉज अर्ध्या सेकंदावर आण. क्लिक! बारा मिनिटांची फाइल नऊवर आली. सॉलिड!

हेडफोन आईच्या कानाला लावले. आत्या झाली, मामा झाला, आई हसली. काकांपाशी आल्यावर तिने हेडफोन काढला.

‘हे काय गं? हे वेगळंच काहीतरी लागलंय.’

मी ऐकलं. ‘दादा साठ वर्षांचा झालास की रं!’ एका दमात. टीव्हीवरच्या दिवाळी शुभेच्छांसारखं. एकही शब्द बदललेला नव्हता, तरी माणूस बदलला होता. नऊ वर्षं न बोललेला भाऊ ‘दादा’ म्हणून अडखळला, हेच तर त्या नोटमध्ये होतं. ते मी कापून टाकलं होतं, तेही न बघता.

मशीनची चूक नाही. त्याला आपण एक पातळी आखून देतो आणि त्याखालचं सगळं शांतता समजायला सांगतो. पंखा त्या पातळीखाली, कुत्रं त्याखाली, आवंढाही त्याखालीच. आवाज किती मोठा आहे एवढंच ते मोजतं. त्यातली कुठली शांतता विसरण्याची, कुठली विचार करण्याची आणि कुठली धीर गोळा करण्याची, हे ऐकणाऱ्यालाच ठरवावं लागतं. सरांच्या काळात चौदा सेकंद कापले असते तर पायाशी जवळजवळ नऊ फूट टेप पडली असती. मी निदान खाली वाकून बघितलं असतं!

कंट्रोल झेड. मग प्रत्येक पॉज हाताने. आत्याची बटण शोधण्यातली शांतता काढली. मामा पाणी प्यायला थांबला होता, ते काढलं. काकांच्या नोटमधून शेवटची फोन ठेवतानाची खडखड काढली. बाकी सगळं तसंच ठेवलं. फाइल झाली साडेदहा मिनिटांची. आठ मिनिटांचा हट्ट तसाही माझाच होता.

काकांना शेवटी ठेवायचं माझ्या मनात होतं. क्लायमॅक्स, यू नो! आई म्हणाली, ‘अजिबात नको. मधे ठेव, आत्यानंतर. शेवटी ठेवलंस तर सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघत बसतील.’ मास कॉमची डिग्री माझी, पण एडिटिंगचा सेन्स आईचा.

रविवार

औक्षण झालं. साठ दिवे लावायला आठ जणी लागल्या, पंखे बंद, सगळे घामाने निथळलेले. मी फाइल लावली. आत्याच्या बोलण्यावर हशा पिकला आणि लगेच, ‘दादा...’

आणि मग काही नाही. मामाला वाटलं स्पीकर गेला. तो वायर बघायला उठला. बाबांनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला. बस म्हणून. मामा बसला. ती चौदा सेकंदं मी आदल्या रात्री वीसेक वेळा ऐकली होती, पण त्या हॉलमध्ये ती संपता संपेनात.

विहिरीचं आल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले, कुणालाच उद्देशून नाही. ‘भोपळा कुठला? पत्र्याचा डबा होता.’

जेवणं उरकली. पाहुणे पांगले. बाबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘ती नोट मला पाठव. कापलेली नको, आहे तशी.’ पाठवली. तासाभराने गॅलरीत कपडे काढायला गेले तर बाबा कठड्याला टेकून फोनवर होते. पाठ माझ्याकडे. आवाज चांगला चढलेला.

‘अरे डबा रे, डबा! गोडेतेलाचा! भोपळा आपल्याकडे होताच कुठे?’

मी कपडे तिथेच ठेवले आणि आत आले.

जाता जाता

तुमच्याही ऑफिसात कुणाचा फेअरवेल असेल, घरी कुणाची पंच्याहत्तरी असेल, मित्रांच्या टोळीला पॉडकास्टचा किडा चावला असेल. तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

• ओरिजिनल फाइल्स आधी वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. एमपीथ्री दर वेळी उघडून पुन्हा एमपीथ्री केली की आवाज थोडा थोडा झिजतो. त्यामुळे शक्यतो एकदाच, शेवटी एक्स्पोर्ट करा.

• व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोट्स ओपस नावाच्या फॉरमॅटमध्ये असतात. एखाद्या ब्राउजरमध्ये उघडल्या नाहीत तर दुसरा ब्राउजर वापरून बघा.

• दर पंधरा मिनिटांनी ड्राफ्ट सेव्ह करा किंवा फाइल बाहेर काढा. आणि एडिटरला स्वतंत्र विंडो द्या, माझ्यासारखा पंधरा टॅबच्या गर्दीत बसवू नका.

• दोन नोट्सच्या मधे ठार शांतता टाकू नका, फोन कट झाल्यासारखं वाटतं. त्याच रेकॉर्डिंगमधली पंख्याची किंवा खोलीची अर्धा सेकंद हलकी घरघर उचलून तिथे पेस्ट करा. स्वतः रेकॉर्ड करणार असाल तर बोलणं संपल्यावर अर्धा मिनिट नुसती खोलीच रेकॉर्ड करून ठेवा.

• मागे म्युझिक हवं असेल तर एकाखाली एक ट्रॅक ठेवता येणारा एडिटर घ्या, उदाहरणार्थ वेव्हॅसिटी. आणि म्युझिक खरंच हवंय का, ते स्वतःला दोनदा विचारा.

• माणसाचं बोलणं कापताना शक्य असेल तर त्याला सांगा. मामासुद्धा ऐकतात!

• आणि पॉज कापायच्या आधी तो एकदा हेडफोन लावून, डोळे मिटून ऐका. पूर्ण.